दाजींनी मोजलेली माणसं

माणसाकडे माणूस म्हणून न बघता वजन म्हणून बघणारा अख्ख्या बीड जिल्ह्यात एकच गृहस्थ होऊन गेला, आणि तो नेमका माझ्या थोरल्या बहिणीचा नवरा निघाला. आमचे दाजी सहकारी साखर कारखान्याच्या काट्यावर क्लार्क होते. उसानं भरलेली गाडी काट्यावर आली की तिचं वजन घ्यायचं, ऊस खाली करून तीच गाडी रिकामी परत आली की तिचंही घ्यायचं, आणि मोठ्यातून धाकटं वजा करून उसाचा आकडा लिहायचा, हे त्यांचं काम. ते त्यांनी इतकी वर्षं केलं की जगात भरलेली गाडी आणि रिकामी गाडी यापलीकडे तिसरं काही असतं यावरचा त्यांचा विश्वासच उडाला. मी माजलगावच्या शाळेत मास्तर. सुट्टीत युसूफ वडगावला अक्काकडे गेलो की दारातून 'जयभीम दाजी' म्हणायचो, आणि ते माझ्या तोंडाकडे बघायच्या आधी पोटाकडे बघून म्हणायचे, "जयभीम मास्तर. एकाहत्तर. पिशवी धरून." पिशवीत अक्कासाठी आणलेले पेरू असायचे. ते काढून ठेवले की दाजी पुन्हा एकदा नजर टाकायचे आणि समाधानानं म्हणायचे, "हां, आता सत्तरच्या आत आलात."

लग्नात लोक नवरीची साडी बघतात, जेवण कसं आहे ते बघतात. दाजी मांडवाच्या खांबाला टेकून वऱ्हाड मोजत. "नवरदेव अठ्ठावन्न, फेट्यासकट," ते माझ्या कानाशी म्हणत. "नवरी त्याच्यापेक्षा दोन किलो जास्ती, पण दागिने काढले की बरोबरीत सुटतील. मामा मात्र लई भरलाय. ती खुर्ची त्याला न्हाई झेपायची." आणि खरोखरच एका लग्नात पंचशील चालू असताना नवरदेवाच्या मामाखालची प्लास्टिकची खुर्ची चारही पाय पसरून मोकळी झाली. सगळा मांडव मामाकडे धावला. दाजी तेवढे माझ्याकडे वळून शांतपणे म्हणाले, "बघितलं?" केजहून येताना एकदा एसटी एका अंगाला कलतेय असं त्यांना वाटलं, तर त्यांनी कंडक्टरला बाजूला घेऊन पटवलं, डावीकडच्या एका सावकाराला उठवून उजवीकडे बसवलं आणि त्याच्या जागी तीन कॉलेजची पोरं बसवली. गाडी सरळ झाली की नाही ते देव जाणे, पण सावकार पुढच्या थांब्यावर रागानं उतरून गेला, आणि दाजी म्हणाले, "आता खरी सरळ झाली."

स्वतः दाजींचं वजन हा मात्र वेगळा विषय होता. कारखान्यात रोजंदारीवर लागले तेव्हा ते कोयत्याच्या मुठीसारखे होते, असं अक्का सांगते. कायम झाले आणि भरायला लागले. त्या काळात आमच्या भागात कोण कुठल्या पदावर आहे ते विचारायची गरज नसे, पोटावरून कळायचं. हंगामी कामगाराला पोटच नसायचं. कायम झालेल्याला सुरुवात झालेली असायची. खातेप्रमुखाचा सदरा बटणापाशी तोंड उघडायला लागायचा आणि संचालकाच्या तर पुढे पोट चालायचं, मागून संचालक. 'त्यांचं कारखान्यात वजन हाय' असं कुणाबद्दल बोललं गेलं तर त्यात दोन्ही अर्थ खरे असायचे. दाजींना क्लार्कपणाच्या मानानं जरा जास्तच पोट होतं, म्हणून नवखी माणसं त्यांना साहेब म्हणून आधी नमस्कार करायची. दाजी तो नमस्कार नाकारत नसत. अक्काच्या हातचं शेंगदाण्याचं कूट घातलेलं, तेलाचा तवंग आलेलं कालवण आणि सकाळी मुरमुऱ्यांचा सुशीला, तोही दोनदा घेतलेला, यावर त्यांची प्रतिष्ठा पोसलेली होती.

मग तो दुष्काळ आला. पहिल्या वर्षी ऊस कमी आला, दुसऱ्या वर्षी जो होता तो जनावरांच्या छावण्यांत चारा म्हणून गेला, आणि कारखान्याचा भोंगा वाजायचा बंद झाला. काटा ओस पडला. दाजी रोज इस्त्रीचे कपडे घालून काट्याच्या केबिनमध्ये जायचे, काच पुसायचे आणि समोरच्या मोकळ्या लोखंडी प्लॅटफॉर्मकडे बघत बसायचे. कधी एखादं कुत्रं वरून चालत गेलं तर तेवढीच कामाची हालचाल. अशा रिकामपणात व्यवस्थापनाला कामगारांच्या आरोग्याची आठवण झाली आणि सभागृहात तपासणी शिबिर भरलं. अंबाजोगाईहून एक तरुण डॉक्टरीणबाई आल्या होत्या. त्यांनी दाजींना वजनावर उभं केलं, भिंतीला टेकवून उंची घेतली, कागदावर काहीतरी भागाकार केला आणि म्हणाल्या, "काका, उंचीच्या मानानं वजन बरंच जास्त आहे तुमचं."

आयुष्यभर लोकांना आकडा सांगितलेल्या माणसाला पहिल्यांदाच कुणीतरी आकडा सांगत होतं. दाजींनी जुन्या बागायतदारासारखी हुज्जत घातली. "बाई, चपला धरल्या का यात? खिशात चाव्या हाईत. सकाळी तांब्याभर पाणी पिऊन आलोय. उसात पाचट निघतं, त्याची घट धरतो आमी. तुमी काय घट धरता का न्हाई?" बाई हसल्या आणि त्यांनी सरळ टेप काढून दाजींच्या कमरेभोवती गुंडाळला. "वजनापेक्षा हे जास्त महत्त्वाचं," त्या म्हणाल्या. "आपल्या लोकांची चरबी पोटावर बसते, आणि पोटावरचीच वाईट. शुगर, बीपी, हार्ट, सगळं तिथून सुरू होतं." दाजींचा चेहरा पडला. वजनानं मोजलेलं त्यांना चाललं असतं. लांबीनं मोजणं म्हणजे त्यांना कापडाच्या दुकानात उभं केल्यासारखं वाटलं. तरी त्यांनी विचारलं, "मग माझं बरोबर वजन किती पायजे ते सांगा. नेमकं." बाई म्हणाल्या, "नेमका एक आकडा नसतो काका. पट्टा असतो. इथपासून इथपर्यंत कुठेही असलात तरी चांगलंच. वय, हाडापेराची ठेवण, कष्टाचं काम, सगळं बघावं लागतं." दाजी म्हणाले, "पट्टा? आवं, काट्यावर शेतकऱ्याला मी असं सांगितलं, का तुमचा ऊस इथपासून इथपर्यंत कितीबी भरंल, तर ठिवतील का मला जागेवर?" मागे रांगेत उभे असलेले दोन सभासद शेतकरी एकमेकांकडे बघून इतके हसले की त्यांचं बीपी पुन्हा घ्यावं लागलं.

पण दाजी घरी आले ते वेगळेच होऊन आले. त्यांनी अक्काला सांगितलं की उद्यापासून कालवणावर तवंग दिसता कामा नये आणि सुशीला एकदाच. पहाटे उठून ते माळरानावरून चालायला लागले. आता दुष्काळात एक पोटवाला माणूस रोज पहाटे कोरड्या रानातून घाईघाईनं फिरतोय, मधेच थांबतोय, जमिनीकडे वाकून बघतोय, म्हटल्यावर गावानं त्याचा एकच अर्थ घेतला. दाजी पाणी शोधताहेत. ते थांबायचे दम लागून आणि वाकायचे गुडघ्यावर हात टेकायला, पण चकलांब्याहून आलेल्या एका पाव्हण्यानं त्यांच्यामागे लपतछपत जाऊन ते जिथे सगळ्यात जास्त वेळ वाकले ती जागा हेरली आणि दुसऱ्या दिवशी तिथं बोअरची गाडी उभी केली. नुसता फुफाटा निघाला. पाव्हणा तरातरा दाजींकडे आला. "तुमी तिथं एवढा वेळ कावून थांबला व्हता मग?" दाजी म्हणाले, "दम लागलाता." "मग तसं सांगायचं व्हतं की!" पाव्हणा म्हणाला, आणि दाजींनाही क्षणभर आपलंच चुकल्यासारखं वाटलं.

स्वतःचं थोडं उतरलं, तशी दाजींना गावाची काळजी वाटायला लागली. कारखान्यानं मोडीत काढलेला, साखरेची पोती मोजायचा एक जुना काटा त्यांनी लिलावात घेतला, घरापुढच्या लिंबाखाली मांडला, आणि टँकरच्या रांगेत घागरी लावून बसलेल्या बायामाणसांना बोलावून बोलावून त्यावर उभं करायला सुरुवात केली. रांग लांब असे, टँकर उशिरा येई, करायला दुसरं काही नसे. उंचीसाठी लिंबाच्या बुंध्यावर त्यांनी चुन्याच्या खुणा केल्या होत्या. उंचीचे सेंटिमीटर, त्यातून शंभर वजा, हे त्यांचं गणित. उरलेल्या आकड्याच्या वर गेलेल्यांना ते "घटवा" म्हणत आणि आत असलेल्यांना "योग्य!" असा खणखणीत शेरा देत. बायकांना हा काटा फार आवडायचा. "कारखान्याचा काटा हाय," त्या म्हणायच्या, "ह्यात माल कमीच भरतो." दाजींना हे लागायचं. ते वजनं लावून लावून काटा खरा असल्याचं सिद्ध करायचे, आणि बायका पदराआड हसत म्हणायच्या, "असू द्या काटासाहेब, आमची तक्रार कुठं हाय?"

त्या रांगेत एके दिवशी आळीतली एक म्हातारी आली. सगळं आयुष्य ऊस तोडण्यात गेलेली, दरवर्षी टोळीबरोबर कर्नाटकात जाणारी. यंदा तिकडेही ऊस नव्हता म्हणून लवकर परतलेली. ती काट्यावर उभी राहिली तर काट्याला कळलंच नाही असं वाटलं. दाजींनी उंची बघितली, आकडा जमवला. म्हातारी बुटकी असूनही गणितात आरामात बसत होती. "योग्य!" दाजी ओरडले. म्हातारी काट्यावरून उतरली नाही. तिनं दाजींकडे खरोखर विचारायचं म्हणून विचारलं, "माजं वजन बरोबर हाय म्हन्ता, मग भूक कावून लागती ओ?" रांग हसली. दाजी हसले नाहीत. त्यांनी पुन्हा उंची बघितली, पुन्हा आकडा बघितला, आणि गणितात चूक सापडेना तेव्हा ते तिला हात धरून ओट्यावर घेऊन गेले. अक्कानं तिला भाकरी आणि पिठलं वाढलं. त्या दिवसापासून दाजींनी 'योग्य' म्हणणं सोडलं. बारीक माणूस काट्यावर आला की ते आकडा बाजूला ठेवून आधी विचारायचे, "सकाळधरनं काय खाल्लं?" आणि या प्रश्नाचं उत्तर ऐकायला आकड्यापेक्षा जास्त वेळ लागतो असं त्यांच्या लक्षात यायला लागलं.

कारखान्याची सर्वसाधारण सभा आली ती अशा वेळी. मांडव मोठा, मांडवात सावली, आणि पुढच्या चार रांगांत चेअरमनसाहेबांची माणसं. या माणसांचं काम एकच होतं: व्यासपीठावरून विषय वाचला गेला की तो संपायच्या आत 'मंजूर, मंजूर' ओरडायचं. चेअरमनसाहेब बोलायला उभे राहिले. त्यांना उभं राहायला दोघांचा आधार लागायचा. "सभासद बंधूंनो," ते म्हणाले, "या भीषण दुष्काळात आपल्या संचालक मंडळानं स्वतःच्या पोटाला चिमटा काढून संस्था जिवंत ठेवली." टाळ्या झाल्या. टाळ्या थांबल्या आणि मागच्या बाजूनं दाजी उठले. कामगारांचे प्रतिनिधी म्हणून त्यांना सभेला बोलावलं होतं; बोलायला बोलावलं नव्हतं. "साहेब," ते अगदी नम्रपणे म्हणाले, "चिमटा नेमका कुठं काढला ते दिसंना झालंय. गाळप घटलं, साखर घटली, सभासदाची जनावरं घटली. आमचीबी वजनं मी घेतो हाय, समदी घटलीत. न घटलेलं एवढ्या मांडवात काय उरलंय ते तुमीच बघा. म्हणून मी उपसूचना मांडतो, का इथून पुढं दर सभेला संचालक मंडळाचं वजन घेण्यात यावं आणि ते अहवालात पहिल्या पानावर छापण्यात यावं."

आणि सवयीप्रमाणे पुढच्या चार रांगा एका आवाजात ओरडल्या, "मंजूर! मंजूर!"

त्यानंतर मांडवात जे झालं ते मी प्रत्यक्ष पाहिलं नाही, पण जिल्ह्यात ज्यानं ज्यानं पाहिलं त्यानं मला सांगितलं. मागचे शेतकरी टोप्या उडवत होते. एक संचालक पोट आत ओढून बसला तो सभा संपेपर्यंत श्वास सोडेना. चेअरमनसाहेब आपल्याच माणसांकडे असं बघत होते की पुढच्या चार रांगा खाली मान घालून सतरंजीचे धागे काढायला लागल्या. ठराव इतिवृत्तात आलाच नाही. दाजींच्या बदलीची ऑर्डर मात्र आठवड्याच्या आत आली. काट्यावरून उचलून त्यांना बागखात्यात टाकलं होतं. कारखान्यासमोरच्या त्या बागेत तेव्हा एक कोरडं कारंजं, सिमेंटची दोन हरणं आणि 'फुले तोडू नयेत' अशी पाटी एवढंच शिल्लक होतं. दाजी दिवसभर पाटीची देखभाल करायचे. मी भेटायला गेलो तर हरणाच्या पाठीवर हात ठेवून म्हणाले, "मास्तर, हे डावीकडचं सव्वादोन क्विंटल तरी असंल."

उन्हाळ्याच्या सुट्टीत मी अक्काकडे होतो तेव्हा भर दुपारी काळ्या काचांची गाडी दारात येऊन थांबली. रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं. मागचं दार उघडून चेअरमनसाहेब स्वतः उतरले. म्हणजे आधी ते उतरायला लागले आणि मग ड्रायव्हरनं त्यांना पूर्ण उतरवलं. अक्का गडबडून आत गेली. मला वाटलं, आता दाजींची नोकरीच जाणार. चेअरमनसाहेब खाटेवर बसले, रुमालानं मान पुसली आणि हळूच म्हणाले, "काटासाहेब, छातीत धडधडतंय. औरंगाबादला दाखवलं. डॉक्टर म्हणतो, वजन उतरवा."

"मग उतरवा की साहेब."

"पण आहे किती ते तर कळलं पाहिजे! घरी काटा आणलाय. पण त्यावर उभा राहिलो की मला खालचा आकडा दिसत नाही, पोट मधे येतं. पीए वाचून दाखवतो." चेअरमनसाहेबांनी ड्रायव्हरकडे बघून आवाज उतरवला. "तो कमीच सांगतो हो. मला खूश ठेवायला."

दाजींनी एकही टोमणा मारला नाही. त्यांनी काट्यावरची धूळ झटकली, चेअरमनसाहेबांना चपला काढायला लावल्या, वजनं सरकवली, आणि आकडा मोठ्यानं न वाचता त्यांच्या कानात सांगितला. चेअरमनसाहेबांनी पुन्हा रुमालानं मान पुसली. मग म्हणाले, "मग माझं किती पाहिजे?" दाजी म्हणाले, "पट्टा असतो साहेब. लगेच त्यात जायचं न्हाई, आधी त्या दिशेला तोंड करायचं. गाडी गेटवर सोडा, हापिसपर्यंत चालत जा. अन् दर कार्यक्रमाला चहा घेता तो बिनसाखरेचा घ्या." चेअरमनसाहेब दचकले. "साखर कारखान्याचा चेअरमन बिनसाखरेचा चहा पितो म्हटल्यावर लोक काय म्हणतील?" "लोक म्हणतील, एवढी तरी साखर वाचली," दाजी म्हणाले. चेअरमनसाहेब हसले. मी त्यांना व्यासपीठाबाहेर हसताना तेव्हाच पाहिलं.

आकडा किती होता ते दाजींनी कुणाला, अगदी अक्कालाही, सांगितलं नाही. गावानं नाना तऱ्हेनं विचारून पाहिलं. "ज्याची गाडी, त्याला पावती," एवढंच ते म्हणायचे. चेअरमनसाहेब मात्र खरोखर रोज सकाळी बागेत चालायला यायला लागले, आणि साहेब चालतात म्हटल्यावर हिरवळीसाठी टँकर मंजूर झाला. गावात घागरींची रांग आणि बागेत टँकर! दाजींनी तो टँकर पहिल्याच दिवशी गेटवरून ऊसतोड कामगारांच्या वस्तीकडे वळवला. चेअरमनसाहेबांनी विचारलं तर गंभीर चेहऱ्यानं म्हणाले, "साहेब, हिरवळीवर घाम येत न्हाई. वजन उतरवायचं तर कोरड्यावरच चालावं लागतं." साहेबांना कळलं की नाही कोण जाणे, पण ते कोरड्यावर चालत राहिले आणि टँकर वस्तीवर जात राहिला.

या सगळ्यात अक्का बारीक होत होती. अक्काचं कौतुक दाजी आधीपासून करायचे. तिनं कधी सुशीला दोनदा घेतला नव्हता. आता तिचा आकडा दर आठवड्याला थोडा थोडा खाली यायचा आणि दाजी लिंबाखाली जमलेल्या बायकांना सांगायचे, "बघा, असं पायजे. न सांगता, न बोलता." अक्का ओशाळं हसायची. मी दिवाळीला गेलो तेव्हा तिच्या ब्लाऊजच्या बाह्या दंडाभोवती लोंबत होत्या आणि गालफडं वर आली होती. रात्री ती सारखी उठते असं मला जाणवलं. सकाळी मी तिला माठापाशी पाठमोरी पाहिलं. तिनं पेलाभर पाणी घटाघटा प्यायलं, मागे वळून बघितलं आणि दुसरा पेला बुडवला. मी दिसल्यावर ती चोरी पकडल्यासारखी दचकली. "कुणाला सांगू नगंस," ती म्हणाली. "लई तहान लागती रं. पण टँकरचं पाणी हाय, समद्यांच्या वाटणीचं. एकटीनंच किती प्यायचं?" दुष्काळात कुणाची तहान जास्त हे कोण विचारणार होतं? सगळं गावच तहानलेलं होतं.

मी दाजींना सांगितलं. अक्काला घेऊन आम्ही अंबाजोगाईला त्याच डॉक्टरीणबाईंकडे गेलो. त्यांनी बोटातून रक्त घेतलं, यंत्रात घातलं आणि पुन्हा एकदा घेतलं. साखर इतकी वाढलेली होती की बाईंनी तिला घरी पाठवलंच नाही, तिथंच खाटेवर झोपवून सलाईन लावलं. मग बाहेर येऊन त्या दाजींना म्हणाल्या, "काका, इतकं वजन गेलं, तुमच्या लक्षात नाही आलं?" दाजी म्हणाले, "आलं की बाई. दर रविवारी येत होतं. मी तर शाबासकी देत होतो." बाई हळूच म्हणाल्या, "वजन आपण कमी करणं वेगळं, आणि ते आपोआप कमी होणं वेगळं. आपोआप उतरलेलं वजन चांगलं नसतं. आणखी थोडे दिवस गेले असते तर अवघड होतं."

दवाखान्याच्या व्हरांड्यात दाजी बाकावर बसून राहिले. समोरून माणसं येत-जात होती. जाडी, बारीक, काठी टेकत, स्ट्रेचरवर. दाजींनी त्यांतल्या एकाचंही वजन सांगितलं नाही. संध्याकाळी अक्कानं डोळे उघडले आणि पहिल्यांदा काय म्हणाली असेल? "तुमी जेवला का?" दाजींनी मान हलवली आणि ते बाहेर जाऊन नळाला तोंड धुऊन आले. तोंड धुवायला त्यांना बराच वेळ लागला.

औषधं सुरू झाली. इंजेक्शन द्यायला दाजी शिकले; अक्काच म्हणायची की नर्सपेक्षा बरे आहेत. स्वयंपाकात ते लुडबूड करायला लागले. ज्या माणसानं घरातला तवंग बंद केला होता तो आता अक्काच्या ताटाशेजारी बसून म्हणायचा, "शेंगदाणे घे थोडे. डॉक्टरीणबाईंनी सांगितलंय, चालतात. अजून अर्धी भाकर घे." हळूहळू तिचे गाल भरले. हसली की पूर्वीसारखी दिसायला लागली. लिंबाखालचा काटा मात्र दाजींनी मांडला नाही. कुणी हौसेनं उभं राहायला आलंच तर ते म्हणायचे, "आधी डॉक्टरकडं जा. मी नुसती गाडी मोजतो."

पुढं पाऊसपाणी झालं, कारखान्याचा भोंगाही पुन्हा वाजला. काट्यावर तोवर आकडे आपोआप दाखवणारं यंत्र बसलं होतं, दाजींची तिथं गरज उरली नव्हती. ते बागखात्यातूनच निवृत्त झाले. आता त्यांना जाऊनही बरीच वर्षं झाली. गावात अजून कुणी मंडळी माझ्याजवळ त्यांची आठवण काढतात तेव्हा सभेतला तो ठराव, चेअरमनसाहेबांची काळी गाडी, मामाची खुर्ची, असं बोलून पोट धरून हसतात. मीही हसतो. पण मला दिसतात ते अक्काच्या आजारपणानंतरच्या एका बाजारच्या दिवशीचे दाजी. मी पाटोद्याहून परतताना युसूफ वडगावच्या फाट्यावर उतरलो होतो. रस्त्याकडेला शिंपी चाचांचं दुकान. दाजी दुकानाच्या फळीवर अंग चोरून बसलेले, मांडीवर कापडी पिशवी, आणि पिशवीतून काढलेली अक्काची ब्लाऊजं चाचांच्या हातात. गावातला एवढा मोठा माणूस बायकोची ब्लाऊजं घेऊन शिंप्याकडं बसलाय म्हणून दोन-तीन पोरी तोंडावर हात घेऊन पुढं गेल्या. दाजींना त्याचं काही नव्हतं.

"काटासाब," चाचा चष्म्यावरून बघत म्हणाले, "ही तर मागच्या साली तुमीच आत घ्यायला लावली व्हती. आता कावून आली?"

"घट्ट व्हायला लागलीत चाचा," दाजी म्हणाले, आणि तेवढं सांगताना त्यांचा चेहरा असा उजळला की चाचांनी सुई बाजूला ठेवली. "शिवण सोडायचीय."

"सोडतो की. किती सोडू? माप सांगा."

दाजींनी तोंड उघडलं. मला वाटलं, आता बोटाच्या पेराइतका नेमका आकडा येणार. पण ते थांबले. रस्त्यावरून एक उसाची गाडी खडखडत गेली, तिच्याकडंही त्यांनी बघितलं नाही. ब्लाऊजच्या कडेवरून बोट फिरवत ते म्हणाले, "माप नगं, चाचा. ती पोट धरून हसली तरी उसवू नये, एवढं बघा."